जंत त्याच्या डोळ्यात, धुरी माझ्या

पळसदेवच्या माझ्या चुलतभावाच्या डोळ्यातून डॉक्टरांनी जिवंत जंत काढला आणि त्या दिवसापासून भावकीत मला कुणी विचारेनासं झालं.

तोवर लग्नाकार्यात गोष्टी सांगायचं काम माझं होतं. आता चार माणसं जमली की हा फोन काढतो आणि व्हिडिओ लावतो. बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागात काहीतरी वळवळतंय, चिमटा येतो आणि ओल्या शेवईसारखा जंत बाहेर.

"कुत्र्यातला हाय. डास त्याला चावतो, मग आपल्याला. मी रानात पाण्याच्या मोटारीपाशी झोपतो ना, कुत्रं संगट." हे सगळं शांतपणे. त्या शांतपणाचाच मला जास्त राग.

"अगं बाई! भावजी, दुखलं न्हाय?" माझी बायको.

"भुलीचा थेंब टाकला व्हता वैनी. पण आतलं हललेलं कळत व्हतं."

लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्याकडं तोंड उघडं टाकून तिनं कधी बघितलेलं मला आठवत नाही.

पिंपळीला घरी परत आलो आणि माझा उजवा डोळा खुपायला लागला. दिवसभर ऊसतोडीवर उभा होतो, पाचटाची धूळ गेली असणार. पण मला आत काहीतरी हललंच. डॉक्टरकडं जावं, तर त्याचीच गोष्ट दुसऱ्यांदा होणार. मला त्याच्यापेक्षा सरस हवी होती: माझा जंत मीच काढलेला.

दातातली कीड पाडायला आमच्याकडं रिंगणीच्या बियांची धुरी घेतात. पाण्याच्या परातीत वाटी पालथी, वाटीवर निखारे, निखाऱ्यांवर तेल लावलेल्या बिया. धूर तोंडात घ्यायचा, म्हणजे किडे पाण्यात पडतात. दाताची पडते तर डोळ्याची का नाही? बायको शेजारी गेलेली बघून मी टॉवेल डोक्यावर घेतला आणि डोळा ताणून धुरावर धरला.

आग झाली ती सांगत नाही. पण परातीत बघतो तर पांढरे, वाकडे, बारीक किडे. एक नाही, कितीतरी! त्याला बिचाऱ्याला एकच.

ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून, डोळ्यावर रुमाल दाबून मी बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसलो. बायको सोबत होती. मी मुद्दामच नेली होती. डॉक्टरांनी बाटलीतला एक किडा यंत्राखाली बघितला.

"हे बियांमधले कोंब आहेत. तापल्यावर उडून पाण्यात पडतात. दाताची कीड म्हणूनही हेच दाखवतात."

मग माझा डोळा बघितला आणि त्यांचा आवाज बदलला. "जंतबिंत काही नाही. बुबुळावरचा पापुद्रा मात्र तुम्ही भाजून आणलाय. नीट भरला तर ठीक. डाग राहिला तर या डोळ्याची नजर गेली म्हणा."

परतीच्या एसटीत मी बायकोकडं बघितलं. मला वाटलं होतं, चिडेल. ती रडत होती.

डोळ्यावर पट्टी. भेटायला माणसं येऊ लागली, शहाळी येऊ लागली, तसा मी जरा सावरलो. तेवढ्यात पळसदेवचा भाऊ आला, माझ्याच खाटेच्या कडेला टेकला. माळेगावच्या आत्यानं विचारलं, "व्हय रं, तुझ्या डोळ्यातनं जित्ता निघाला म्हणं?" त्यानं फोन काढला. सगळी माझ्याकडं पाठ करून बसली. उघड्या डोळ्यानं मी आत्याचा अंबाडा बघत पडलो.

पट्टी कायमची काढायच्या दिवशी त्यानंच मला मोटारसायकलवरून नेलं. बायको मागून एसटीनं आली. डॉक्टरांनी डावा डोळा झाकला. "काय दिसतंय?"

आधी नुसता दुधाळ उजेड. मग एक डोकं. मग मिशा. मग दात.

"भाऊ दिसतोय," मी म्हणालो. बायकोनं माझा खांदा घट्ट धरला.

हळूहळू त्याच्या हातातला फोनही दिसला, माझ्यावर रोखलेला.

"आला का हो भावजी नीट?" बायकोनं डोळे पुसत विचारलं.

"झ्याक आला, वैनी."

आता भावकीत तो दोन व्हिडिओ दाखवतो. माझाही दाखवतो, नाही असं नाही. पण आधी स्वतःचा.