शिसवीचा चहाडबा

बिभीषण सुतारानं आयुष्यभर लोकांची दारं-खिडक्या केली, पण जीव जडला तो साहेबलोकांनी मागं टाकलेल्या पेट्यांवर. वडवणीच्या बाजारात भंगारवाल्यापुढं लोक तराजूचा काटा बघत, हा लाकूड हुंगत बसे. पंधरा वर्षांत नऊ पेट्या जमल्या. त्यातला इंग्रजी चहाडबा म्हणजे त्याचा प्राण. वर शिसवीचा कागदासारखा पापुद्रा, आत दोन कप्पे, पितळी कुलूप. चहा महाग होता तेव्हा मडमा असल्या डब्याची किल्ली कमरेला लावून फिरत, हे त्यानं मोबाईलवर पाहिलं होतं. पेट्या तो ट्रंकेत कुलूप लावून ठेवी. बायकोला, भामाबाईला, त्यानं एवढंच सांगितलं होतं, "हात लावू नको." गडी गुणी, पण तोंडाचा भारी कंजूष.

नवरात्राच्या तोंडावर चौसाळ्याला एक पेटी बघून तो दुपारी परतला, तर घर रिकामं. गोधड्या नाहीत, भांडी नाहीत. सून दिपाली भिंती पुसत होती. सासूला ती आत्या म्हणे.

"मामा, आत्यानं दसरा काढलाय. समदं वढ्यावर नेलं."

"समदं म्हंजे?"

"ट्रंकतल्या पेट्या बी. तुमच्या सदऱ्याच्या खिशात किल्ल्या गावल्या त्यास्नी."

दसरा काढायचा म्हणजे घरातली चिंधीसुद्धा धुऊन निघते, हे बिभीषणला ठाऊक होतं. मग सदराही जाणारच, एवढं साधं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो पापुद्रा जुन्या सरसानं चिकटवलेला, आणि सरसाला पाणी लागलं की खेळ खलास. साठीचा माणूस अनवाणी पळत सुटला.

ओढ्याच्या काठावर आठ पेट्या गोधडीवर कोरड्या ठेवलेल्या. चहाडबा भामाबाईच्या मांडीवर होता, ओलाचिंब. झाकणाचा पापुद्रा कडेनं वर वळला होता आणि ती दोन्ही हातांनी तो दाबून बसली होती.

"हात लावू नको म्हणलतो ना?"

"म्हणलता. पर का म्हून, ते कदी सांगितलं का?" ती म्हणाली. "तुमचा लई जीव ह्याच्यावर. म्हणून पयला ह्योच घेतला, देवीम्होरं मांडायला. ह्याचा पापुद्रा सुटाया लागला तसं बाकीच्यांना पाणी लावलं न्हाई."

तोंडाशी आलेली शिवी त्यानं गिळली. राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती. पंधरा वर्षांत चार शब्द बोलायला आपलं काय जात होतं?

ऊन कडक होतं. पापुद्रा असा वळलेलाच वाळला असता तर चिरफळ्या झाल्या असत्या.

"सोडू नको," तो खाली बसत म्हणाला. "सरस वला हाय तवर फिरून चिकटंल. बोटं सरळ ठेव. मधून कडंला दाब."

त्यानं उपरण्याची घडी झाकणावर घातली, धुण्याचा सपाट दगड उचलून वर ठेवला. दगड कलला, तिनं सावरला. मग दोघं दोन बाजूंनी तो धरून बसले. हात भरून आले, पण कुणी सोडेना. बसल्या बसल्या तो तिला एकेका पेटीचं सांगत राहिला. कुठं मिळाली, कशाची आहे, पाणी का चालत नाही.

सावल्या लांबल्यावर त्यानं दगड काढला. पापुद्रा बसला होता. एका कोपऱ्यातला सुपारीएवढा तुकडा मात्र ओढ्यानं नेला होता.

भामाबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि किल्ल्यांचा जुडगा पुढं केला. त्यानं हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुझ्याच कमरेला ऱ्हाऊ दे."