वस्तादांची पोरं मी पळवली

गंगेवरच्या भोसले घाटाजवळच्या आखाड्यात मी बाराव्या वर्षी जाऊ लागलो. वस्ताद आमच्यातलेच, मराठी, पण पोरांवर ओरडायचे हिंदीत. उन्हाळ्यात कलेक्टरसाहेबांसमोर कसरती करून दाखवायच्या होत्या, म्हणून हिवाळ्यापासूनच ते आम्हाला रोज घाटावरच्या मढीवरून, म्हणजे उंच दगडी बुरुजावरून, खालच्या दगडी फरशीवर उड्या मारायला लावत. अनवाणी.

माझ्या टाचा दुखू लागल्या. आधी फक्त उड्यांनंतर, मग सकाळी अंथरुणातून उठतानाही. मी चवड्यांवर चालू लागलो. वस्तादांना सांगितलं, तर त्यांनी सगळ्यांसमोर माझा पाय उचलून धरला.

"सूजन कुठंय? लाली कुठंय? नौटंकी साला!"

पुन्हा उडी मारायला लावली. मी खाली पडलो तो उठलोच नाही. त्यांनी पोरांना टाळ्या वाजवायला सांगितल्या, आणि पोरांनी वाजवल्या.

तेही मी विसरलो असतो. पण दुसऱ्या दिवशी वडील संध्या आटोपून घाट चढत असताना वस्तादांनी त्यांना अडवलं. "शास्त्रीजी, मुलगा कामचोर निघाला तुमचा." वडील पाठशाळेत व्याकरण शिकवत; भांडण त्यांना कधी जमलंच नाही. त्यांनी हात जोडले. "चुकलं त्याचं. सांभाळून घ्या." ते जोडलेले हात मी पाहिले आणि ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मामा डॉक्टर होते. आईने मला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली, तशी मी किंचाळलो.

"खोटं नाही बोलत हा," ते आईला म्हणाले. "वाढत्या वयात टाचेचं हाड अजून कच्चं असतं. पोटरीची शीर त्याला वर खेचते, खालून दगड ठोकतो. सूज दिसेल कशी?"

उड्या आणि धावणं बंद. जोड्यात टाचेखाली लोकरीच्या नमद्याची जाड घडी. सकाळ-संध्याकाळ भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणायची. गंगेत मात्र हवं तितकं पोहायचं. मी सगळं मुकाट्याने केलं. भिंत ढकलताना समोर मला वस्तादांचं तोंड दिसायचं, आणि मी जास्त जोर लावायचो.

होळीपर्यंत दुखणं गेलं. आखाड्यात मी परतलो नाही. घाटाच्या पायऱ्यांवर बसून वस्तादांची पोरं न्याहाळू लागलो. कोण चवड्यावर चालतो, कोण उडीनंतर ओठ चावतो, हे मला लांबूनच कळायचं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांतलेच होते ते. दयामाया काही वाटली नाही. एकेकाला गाठायचो, टाच तशीच चिमटीत दाबायचो, किंचाळला की मामांकडे न्यायचो. मामा उड्या बंद करायला सांगायचे. ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर आखाडा ओस पडू लागला.

एका दुपारी वस्ताद आमच्या दारात उभे राहिले.

"माझी पोरं पळवतोस?"

"पळवत नाही," मी म्हणालो. "चालवतोय. तुम्ही त्यांना लंगडं केलंत."

त्यांचा हात वर गेला. तेवढ्यात वडील बाहेर आले. मला वाटलं, आता तरी बोलतील. ते म्हणाले, "बसा वस्ताद, पाणी घ्या."

मला संताप आवरेना. "आधी हात जोडा," मी ओरडलो. "घाटावर माझ्या वडिलांनी जोडले होते, तसे."

वस्ताद पाणी न पिताच निघून गेले. त्यांनी हात जोडले नाहीत, पण जाताना त्यांची मान खाली होती. त्या रात्री मी नेहमीच्या दुप्पट जेवलो.

साहेबांसमोरचा कार्यक्रम झाला नाही. पावसाळ्यानंतर वस्तादांनी पलीकडच्या तीरावरून नावा भरभरून वाळू आणवली आणि मढीखाली पसरली. उड्याही कमी केल्या. मग गल्लीत लोक म्हणू लागले, पोरांची काळजी घ्यावी तर वस्तादांनी. हे कानावर पडलं की माझ्या अंगाची आग व्हायची. मी बोलणाऱ्याला तिथेच थांबवायचो आणि टाळ्यांपासून सगळं सांगायचो. वडील म्हणायचे, "पुरे आता." वस्ताद जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी माझं पुरं झालेलं नाही.