कासवाचा रफूगर

धाकटा मेहुणा पाचोडहून आला की पिशवीत वांगी नाहीतर हुरडा असतो. त्या रविवारी मात्र त्यानं उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दारात घमेलं ठेवलं. आत कासव. नाथसागर धरणाच्या काठावर कुणीतरी फेकलेल्या नायलॉनच्या जाळ्यात गुरफटलेलं, आणि दोरा मानेत असा रुतलेला की त्याला मान आतही घेता येईना.

"विळा बघितला की लई धडपडतंय," तो म्हणाला. "दाजी, शहरात कुणीतरी असंल."

शहरात कोण असणार, डोंबल! गुरांचा दवाखाना बंद. बायको म्हणाली, "माझा शालू रफू केला त्या चाचांकडं न्या." मी हसलो, आणि दुसरं काही सुचेना म्हणून मेहुण्याला घेऊन रिक्षा केली.

गुलमंडीच्या बोळात चाचांसमोर एक गृहस्थ भाच्याच्या शेरवानीसाठी ताटकळले होते. चाचांनी घमेल्यात पाहिलं, चष्मा पुसला आणि शेरवानी बाजूला ठेवली.

"चाचा, संध्याकाळी निकाह आहे."

"नवरदेवाला श्वास घेता येतोय ना? मग बसा."

मी कात्री उचलली तर हातावर चापट बसली. चाचांनी जन्मात विणीला कात्री लावली नव्हती. सुईच्या टोकानं ते एकेक गाठ उकलू लागले. जमलेली गर्दी सल्ले देत होती. शेरवानीवाले गृहस्थ शेवटी कासवाचे पाय धरून बसले. मला त्या मुक्या जिवाची इतकी धास्ती लागली की चिडायचंही विसरलो.

तासाभरानं मान सुटली. कासवानं ती लांब काढली आणि शेरवानीची बाही तोंडात धरली. आम्ही सगळे बाही सोडवण्यात गुंतलो तोवर चाचांनी सवयीनं ते फाटकं जाळं मांडीवर घेतलं, आणि बाही सुटली तेव्हा जाळं कुठंही फाटकं उरलं नव्हतं.

मेहुण्याचे डोळे चमकले. "नवंच झालं की, दाजी. मासे धरायला चालंल."

संध्याकाळच्या गाडीनं कासव त्याच पाण्यात परत जाणार होतं. चाचांनी जाळं हातात घेऊन आपलीच वीण बोटांनी चाचपली. मग गादीखालची मोठी कात्री माझ्यापुढे धरली.

"तुम्ही कापा, साहेब. मला नाय जमायचं."

मी बारीक तुकडे करत होतो. चाचा पाठ फिरवून शेरवानीसाठी सुईत दोरा ओवत होते, आणि तो काही ओवला जात नव्हता.