तंतुकणिका आणि सात-सात

टोकियोतल्या ज्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे दिवसभर उंदरांच्या मेंदूचे फोटो बघायचे असतात. पेशींना शक्ती पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे मराठी शाळेतल्या तंतुकणिका, मला आकारानुसार निवडायच्या असतात. तरुण उंदरात त्या लांबट, घेवड्याच्या दाण्यासारख्या दिसतात. म्हाताऱ्या उंदरात काही फुगतात, काहींच्या आतल्या घड्या विस्कटतात आणि काही वाकून चक्क गोल होतात, मध्ये भोक. अशांच्या हातून पुरेशी शक्ती तयार होत नाही, आणि आठवण धरून ठेवायला तर मेंदूला सतत इंधन लागतं. आधी काय बिघडतं, तंतुकणिका की आठवण, हे मात्र अजून कुणी ठामपणे सांगत नाही. मी ते गोल वेगळे काढते आणि संध्याकाळी टोकियोतल्याच निशी-कसाई भागात घरी येते.

गेल्या वर्षी बाबा पुण्याहून आमच्याकडे राहायला आले. डिमेन्शियाची सुरुवात आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाबा म्हणजे एके काळचे बँकेच्या टेबल टेनिस टीमचे कॅप्टन. पण क्लबात एकदा त्यांनी गुण चुकीचे सांगितले, समोरच्याने त्यांना लबाड ठरवलं, आणि आयुष्यभर सरळ खेळलेल्या या माणसाने बॅट खाली ठेवली ती ठेवलीच. त्यांचं विसरणं मला सोसत होतं. खेळ सोडून खिडकीशी बसणं सोसत नव्हतं. धीर धरणं माझ्या स्वभावात नाही. त्यांना पुन्हा टेबलापाशी उभं करायचंच, असा मी चंग बांधला.

एका रविवारी त्यांना ते फोटो दाखवले. चष्मा सारखा करून ते म्हणाले, मेदूवडे छान जमलेत. मग मी सांगितलं की चाकावर पळणाऱ्या म्हाताऱ्या उंदरांमध्ये तंतुकणिका जरा टवटवीत राहतात. माणसांचं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण हातपाय हलवलेले बरे.

"म्हणजे आता मला चाकावर चढवणार तू," बाबा म्हणाले.

आमच्या वॉर्डाच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये बुधवारी सकाळी ज्येष्ठ मंडळी टेबल टेनिस खेळतात. नुसतं बघायचं, या बोलीवर बाबा आले. तिथली रीत अशी की खेळणाऱ्यांनी गुण लक्षात ठेवायचे नाहीत. टेबलाच्या बाजूला आकड्यांची पानं उलटायचा फळा असतो, आणि ज्यांची पाळी नाही त्यांच्यापैकी एक जण तिथे बसतो. हे बघून मला हायसं वाटतंय तोच एका आजींनी हसून बाबांनाच त्या खुर्चीकडे हात केला. नेमकं हेच काम त्यांना जमणार नव्हतं. मी पुढे झाले, तर बाबांनी मला हातानेच मागे सारलं आणि ते खुर्चीत ताठ बसले.

खेळत होत्या दोन आजी, दोघी ऐंशीच्या घरातल्या. सात-सातपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग एक लांबलचक रॅली झाली आणि बाबा पान उलटायचं सोडून टाळ्या वाजवायला लागले. पुढच्या गुणालाही टाळ्या. फळा सात-सातवरच, आणि अकराला संपणारा गेम काही संपेना. दोघी घामाघूम झाल्या, पण फळ्याकडे बघायच्या, मान डोलवायच्या आणि पुन्हा सर्व्हिस करायच्या. भिडेपोटी बोलत नसतील, असं मला वाटलं. मीही पान उलटायला उठले नाही. कुणी टोकलं असतं तर बाबा पुन्हा खिडकीशी जाऊन बसले असते.

शेवटी एक आजी टेबलाला टेकल्या आणि हजारदा माफी मागत त्यांनी मला विचारलं, अजून सातच का. बाबांना भाषा कळली नाही, पण त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी सारवासारव करणार, तेवढ्यात आजी घाईघाईने आणखी काही बोलल्या. ते ऐकून मलाच हसू फुटलं.

"बाबा, त्या म्हणतायत की आकडा त्या दोघीही केव्हाच विसरल्या. तुम्ही बसलायत म्हटल्यावर त्या निर्धास्त होत्या."

बाबांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ते हसायला लागले, खांदे गदगदा हलेपर्यंत. दोघी आजी हसल्या, आणि शेजारच्या टेबलावरचे कशाला हसायचं ते न कळताच हसले. गॅस, किल्ल्या, औषधं, घरी आम्ही सगळं त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. त्यांच्यावर काही सोपवून कुणी निर्धास्त व्हावं, असं किती तरी दिवसांत घडलं नव्हतं. मला फार, फार आनंद झाला.

बाबा उठले आणि दमलेल्या आजींपुढे त्यांनी हात पसरला. आजींनी आपली बॅट त्यांच्या हातात दिली.

"तू बस गुण मांडायला," ते मला म्हणाले. "आणि लक्ष दे जरा. तुझं खेळात कधी लक्ष नसतं."