दुःखाच्या वर्षातला झिम्मा

“रडू येत नसेल तर गाऊन बघ गं,” असं आई मला लहानपणी म्हणाली होती. आज ते डोक्यातून जात नाही, म्हणून मैत्रिणींनो, आपल्या महिला मंडळाच्या फळ्यावर हा कागद डकवते आहे.

शहापुरातल्या ज्या मुलींच्या शाळेत मी शिकवते, तिथं गंगू शिकते. नागपंचमीनंतर तिची आई वारली, तेव्हापासून ती कुणाशी एक शब्द बोललेली नाही. आज कवायतीऐवजी मी मुलींना झिम्मा खेळायला सांगितलं. गंगू भिंतीला टेकून उभी होती. आधी तिचा पाय ठेका धरू लागला. मग ती मुलींत शिरली आणि चक्क मोठ्यानं गाऊ लागली!

तेवढ्यात तिची आत्या, म्हणजे आपल्या मंडळातल्याच आक्का, तिला न्यायला आल्या.

“बाई, घरात दुःखाचं वर्ष हाय. सण न्हाय, गाणं न्हाय, आन् तुम्ही पोरीला नाचवतासा व्हय?”

“आक्का, तिला आवाज फुटला हो!”

“फुटंल की वर्ष सरल्यावर. गल्लीतली माणसं काय म्हणतील?”

फाटकापर्यंत पोर गुणगुणत होती. रस्त्यावर गेल्यावर गप्प झाली.

घरी आल्यावर मी नुसत्या येरझारा घालत होते. आक्कांचं दुःखही खरंच आहे. पण वर्षभरानं तो आवाज परत आला नाही तर?

आक्का, तुम्ही हे वाचालच, आणि नाही म्हणाल हेही मी जाणते. तरी विनवते, उद्या गंगूला झिम्मा खेळू द्या.