हाडाचा आवाज

बोकडाची मुंडी भाजल्याचा वास आला की मला अकोल्यातली ती दुपार आठवते. मी मेंदूची शस्त्रक्रिया शिकत होते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच माणसाच्या कवटीला भोक पाडायचं होतं. नापिकीच्या त्या वर्षांत गावोगावच्या बकऱ्या बाजारात येत, त्यामुळे सरावासाठी मुंड्यांची वानवा नव्हती. हाडाखालचा पातळ पडदा फाटू द्यायचा नाही, एवढंच सरांनी सांगितलं होतं. माझे तीन फाटले. मुंड्या आणून देणारे म्हातारे खाटीकचाचा दारातून पाहत होते. "जोर काहून लावून राहिल्या, डॉक्टरीणबाई? हाड पातळ झालं का आवाज बदलते, तो ऐका," म्हणत त्यांनी माझ्या हातातलं हातड्रिल घेतलं, कान कवटीजवळ नेला, सावकाश फिरवत गेले आणि मध्येच थांबले. भोकाच्या तळाशी पडदा अखंड होता, ओला, मोत्यासारखा, त्यावर एक निळी शीर. सरांनी वाकून पाहिलं, स्वतःचं स्टूल चाचांकडे सरकवलं आणि म्हणाले, "आणखी एक करा, मले बी पाहू द्या." दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या माणसाच्या हाडाचा आवाज बदलला तेव्हा मी थांबले; खाली पडदा हलके धडधडत होता. आता माझं यंत्र तिथे आपोआप थांबतं, तरी शेवटच्या थराला मी थिएटरात सगळ्यांना गप्प करते.