भावजींसाठी साली

माणूस रिटायर झाला की घरात बसतो, आणि घरात बसला की कचऱ्याच्या डब्यात डोकावतो. आमच्या ह्यांचं तेच झालं. आमच्या परळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कोणा आरोग्यवाल्याचं लेक्चर होतं. शेतातला, स्वयंपाकघरातला जो माल आपण फेकतो, साली, देठ, बिया, त्यातच म्हणे सगळी पॉलिफेनॉल्स आणि अँटिऑक्सिडंट्स! त्या दिवसापासून आमच्याकडे फळं फक्त सालींसाठी यायला लागली.

दोडक्याच्या शिरांची चटणी मी लग्न झाल्यापासून करतेय, तेव्हा ह्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. आता तीच चटणी खाताना "फायबर!" म्हणून ओरडायचे. डाळिंबाच्या साली गॅलरीत, संत्र्याच्या शोकेसमध्ये, आणि चहाच्या पातेल्यात कांद्याची टरफलं. बरं, घरच्या साली पुरेनात, म्हणून मजल्यावर दारोदार सांगून आले, "साली टाकू नका, आम्हाला द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यातच लेकीनं ऑफिसातला मुलगा पसंत केला. गिरगावातलं जुनं, घरंदाज कुटुंब. त्याची आई भारी चोखंदळ, घर बघितल्याशिवाय होकार देणार नाही. पोरगी धास्तावलेली. "आई, बाबांना त्या दिवशी सालींवर बोलू देऊ नकोस ना गं!" मी ह्यांना देवापुढे उभं करून शपथ घातली आणि सगळ्या साली कपाटात कोंबल्या.

मुलगा, त्याचे आई-वडील, सगळी मंडळी आली. पोहे झाले. हे अगदी शहाण्यासारखे गप्प. मी हापूस कापायला उठले आणि बेल वाजली. दारात मालवणी शेजारीण, हातात सालींनी फुगलेली पिशवी.

"वैनी, भावजींसाठी साली हाडलंय. काल पावणे इल्ले, एक साल टाकूक दिलंय नाय!"

मुलाची आई एकदा पिशवीकडे बघत होती, एकदा ह्यांच्याकडे. शेजाऱ्यांच्या टाकाऊ सालींवर जगणारं घर, असंच वाटलं असणार त्यांना. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. झालं, मोडलं लग्न! मला रडूच आलं. आंब्यांची टोपली उचलली आणि स्वयंपाकघरात पळाले.

मागोमाग मुलाच्या आई आत आल्या. दार लोटलं आणि हळूच विचारलं, "यांना हे कधीपासून?" ताप कधीपासून विचारावं तसं.

"लेक्चर ऐकल्यापासून," मी डोळे पुसत म्हटलं.

त्यांनी उसासा सोडला. "आमच्याकडचे बियांवर आहेत. चिंचोके, आठळ्या, कलिंगडाच्या बिया. आज तोंड उघडायचं नाही म्हणून शपथ घालून आणलंय."

तेवढ्यात बाहेरून ह्यांचा आवाज आला, "आंब्याची साल म्हणजे..." त्यावर त्यांच्या ह्यांचा, अजून मोठा, "आणि कोय? कोयीचं काय मग?" दोघांच्या शपथा एकदमच सुटल्या.

आम्ही दोघींनी आंबे चिरले. एका ताटलीत साली, दुसरीत कोयी लावून बाहेर पाठवल्या. तिकडे दोघा बापांचं असं जमलं, की मुलगा-मुलगी कशासाठी बसलीत हेच विसरले.

लेक रडवेली होऊन आत आली. "आई, काय झालं गं? काय ठरलं?"

मला बोलता येईना, तोंडात आंब्याची फोड होती. त्या बाईंच्याही होती. त्यांनी उरलेल्या गराची बशी माझ्यापुढे सरकवली. "घ्या, विहीणबाई." मग लेकीकडे वळल्या. "आणि तू गं, उभी काय राहिलीस? बस. आमच्याकडे गर आतच खायचा असतो."